एकाच बॅटरीवर दोन संसार

आपल्या कॉलेजात फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली की तिच्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे आपोआप लागणारे रस्त्यावरचे दिवे, आणि दुसरी म्हणजे सोलरवर नाहीतर बॅटरीवर चालणारी बोट. बोटीला माझा विरोध नाही. उलट वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे समुद्र सोडाच, पण उन्हाळ्यात वाहती नदी बघायलाही नशीब लागतं, तिथे पोरांना बोट सुचते याचं मला कौतुकच वाटतं. माझं भांडण आहे ते त्या बोटीच्या वायरिंगशी. मोटारीसाठी बॅटरी घेतली जाते, तिच्यावर महिनाभर चर्चा होते, आणि मग आदल्या रात्री त्याच बॅटरीवरून दिवा, मोबाईल चार्जर, फिशफाइंडर अशी सगळी मंडळी कुठून तरी, कशी तरी चिकटवली जातात. 'छोटा लोड आहे रे, काही होत नाही!' हे त्या रात्रीचं ब्रीदवाक्य.

बोटीच्या मागे क्लॅम्पने अडकवायची, खाली पंखा आणि वर हँडल असलेली छोटी डीसी मोटार असते, तिला ट्रोलिंग मोटार म्हणतात. एकबुर्जीवर किंवा अडाण धरणावर ती सहसा दिसणार नाही. अमेरिकेत गळ टाकून आवाज न करता हळूहळू सरकायला ती वापरतात. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावाच्या ओ. जी. श्मिट यांनी ती बनवली असं सांगतात. बॅटरीवरची बोट त्याहून किती तरी जुनी आहे. याकोबी नावाच्या संशोधकाने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीत ती चालवून दाखवली, तेव्हा पुन्हा चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी जन्मालाही यायची होती. ती प्लांतेने १८५९ मध्ये केली. आपल्या देशात केरळमधल्या वैक्कमला जानेवारी २०१७ मध्ये 'आदित्य' नावाची ७५ प्रवाशांची सोलर फेरी सुरू झाली. म्हणजे बोट चालते की नाही हा प्रश्न केव्हाच सुटलाय. आपण अजून तोच सोडवत बसतो आणि मार्क घेतो. असो.

आता थोडं गणित. ट्रोलिंग मोटारीचा जोर पौंडात मोजतात. ढोबळ हिशोब असा की फुल स्पीडला एका पौंडाला जवळजवळ एक अँपिअर. ३० पौंडाची मोटार ३० अँपिअरच्या आसपास, ५५ पौंडाची ५० च्या आसपास. आणि आपली छोटी मंडळी? फिशफाइंडर जास्तीत जास्त एक अँपिअर, पाच वॉटचा एलईडी ०.४, मोबाईल चार्जिंगला एक. सगळे मिळून अडीच धरा. सहा तास चालले तर १५ अँपिअर-अवर. तेवढी वीज ५० अँपिअरची मोटार १८ मिनिटांत खाऊन टाकते!

हा हिशोब पाहून कुणीही म्हणेल की मग घ्या ना त्याच बॅटरीवरून. हिशोब बरोबरच आहे. पण तो अँपिअर-अवरचा आहे आणि घोटाळा होतो तो व्होल्टेजमध्ये.

मागच्या बॅचच्या एका ग्रुपची ट्रायल बघायला आम्ही चार-पाच जण एका गावतलावावर गेलो होतो. बोट छान चालली. पण मोटारीचं हँडल पिळलं की फिशफाइंडरचा पडदा काळा, मग कंपनीचा लोगो, मग पुन्हा आकडे. पुन्हा हँडल पिळलं की पुन्हा लोगो. सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला, 'चायना माल आहे!' रिपोर्टमध्येही तसंच काहीसं गेलं. बिचारा फिशफाइंडर! त्याला जोडला होता मोटारीच्या टर्मिनलवरून, कारण ते जवळ पडत होतं. बॅटरी पुढे, मोटार मागे, मधे तीन मीटर वायर. वायर कुठली, तर घराच्या वायरिंगमधून उरलेली अडीच स्क्वेअर एमएम.

आता ओहमचा नियम व्हायवाला आपण झोपेतही सांगतो, तोच इथे लावा. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण साडेसात मिलिओहम. जाऊन-येऊन सहा मीटर म्हणजे ४५ मिलिओहम. त्यातून ५० अँपिअर गेले की सव्वादोन व्होल्ट वायरमध्येच संपले. बॅटरीचे १२.४ व्होल्ट भार पडल्यावर तिच्या टर्मिनललाच ११.९ च्या आसपास येतात, त्यातून सव्वादोन वजा करा. राहिले साडेनऊच्या वर थोडेसे. बहुतेक छोट्या फिशफाइंडरना किमान १० व्होल्ट लागतात. तो बंद पडणार नाही तर काय करणार? आणि त्या वायरमध्ये शंभर वॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होत होती ती वेगळीच. ती वायर हाताला गरम लागते असं त्यातला एक जण म्हणालाही होता, पण उन्हाचे दिवस होते.

होस्टेलवाल्यांना हे वेगळं समजावायची गरज नाही. वरच्या टाकीतून येणारा पाइप सगळ्या बाथरूमना एकच. तुम्ही अंगाला साबण लावलेला असतो आणि तेवढ्यात खाली कुणीतरी बादलीचा नळ पूर्ण सोडतो. टाकीत पाणी काठोकाठ आहे, पण तुमच्या शॉवरला थेंब नाही. टाकी मोठी करून हा प्रश्न सुटतो का? नाही. तुमच्या शॉवरला टाकीपासून स्वतंत्र पाइप हवा. बोटीतही तेच. एकच बॅटरी असू द्या, पण छोट्या उपकरणांची लाइन थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, तिची स्वतःची, दोन्ही वायरी. 'निगेटिव्ह कॉमन घेतला तर काय होतं' असं विचारणाऱ्याने वरचं गणित पुन्हा करावं. व्होल्टेज जाता-येता दोन्हीकडे पडतं.

स्वतंत्र लाइनचा आणखी एक फायदा आहे. मोटारीचा स्पीड कंट्रोलर पीडब्ल्यूएमवर चालतो, म्हणजे करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. त्यात मोटारीच्या ब्रशच्या ठिणग्या. या सगळ्याचा गोंधळ फिशफाइंडरच्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा होऊन दिसतो आणि रेडिओवर खरखर होऊन ऐकू येतो. छोट्या लाइनच्या दोन वायरींना एकमेकींचा पीळ द्या आणि मोटारीच्या जाड वायरीपासून लांब, बोटीच्या दुसऱ्या कडेने न्या. अर्धा त्रास तिथेच कमी होतो. मोटारीला १६ एमएमची वायर घातली तर मघाचे सव्वादोन व्होल्ट पाव-अर्ध्या व्होल्टवर येतात आणि बोटही जोरात पळते. आणि फ्यूज! दोन्ही लाइनींना वेगवेगळा, आणि बॅटरीपासून वितीच्या आत. पार टोकाला, उपकरणाजवळ लावलेला फ्यूज उपकरण वाचवतो, वायर नाही. मधेच कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. पाण्याच्या मधोमध आग लागली तर पळायचं कुठे?

इथपर्यंतचं सगळं पुस्तकात मिळतं. माझं खरं म्हणणं पुढे आहे.

माझ्या रूममेटचे काका आपल्या जिल्ह्यातल्याच एका धरणावर मासेमारी करतात. संध्याकाळी जाळं टाकायचं आणि पहाटे अंधारातच उचलायला निघायचं. नाव लहान, दोन माणसांची. त्यांना आम्ही मोठ्या उत्साहाने मोटार, बॅटरी, फिशफाइंडर सगळं सांगितलं. मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बॅटरी उतरली त पहिले काय बंद पडन?" आम्ही म्हटलं, सगळंच, एकच बॅटरी आहे ना. ते हसले. म्हणाले, "मोटार गेली त वल्हं हाय ना बाप्पा हातात. पन लाइट गेला त जाळं कुठं टाकलं अन् काठ कोन्या बाजूनं हाय, हे कोन सांगन मले?"

माझ्या मते बोटीच्या वायरिंगचा सगळा सिलॅबस या प्रश्नात आहे. आपण प्रोजेक्टमध्ये सगळं काही 'चालतं कसं' याचा विचार करतो. 'बंद कुठल्या क्रमाने पडतं' हे कुणी विचारत नाही, गाइडही नाही आणि बाहेरून येणारे एक्स्टर्नलही नाहीत. मोटार बंद पडली तर वल्हं आहे. दिव्याला वल्हं नसतं. मोबाईलला तर नाहीच, आणि अडकलात तर काठावरच्या माणसाला सांगायला तोच एक आहे. म्हणून मोटार आधी मेली पाहिजे आणि दिवा सगळ्यात शेवटी. एकाच बॅटरीवर सगळं घेतलं की नेमकं उलटं होतं. सगळ्यात खादाड गडी सगळं ताट संपवतो आणि बाकीच्यांना उपाशी ठेवतो.

यावर आपल्या पोरांचं ठरलेलं उत्तर असतं, 'लिथियम टाकू.' लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चांगलीच आहे, वजन निम्म्याहून कमी, खोलवर वापरली तरी कुरकुर नाही. पण या प्रश्नात ती जास्त घातक आहे! लेड-ॲसिड उतरायला लागली की दिवा मंद होतो, मोटार रडायला लागते, माणसाला कळतं की आता परतावं. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग आतलं बीएमएस सर्किट खाडकन सगळं तोडतं. मोटार, दिवा, जीपीएस एकाच क्षणी. ताठ मानेने चालता चालता एकदम आडवी. महागडी बॅटरी घेऊन क्रमाचा प्रश्न सुटत नाही, तो आणखी पिकतो.

दुसरं उत्तर म्हणजे २४ व्होल्टची मोठी मोटार, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि दिव्यासाठी त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट. हे ज्यांना सुचतं त्यांनी एकदा ट्रकवाल्यांशी बोलावं. ट्रकही २४ व्होल्टचा. पूर्वीपासून टेप वाजवायला दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची पद्धत आहे, आणि ती एक बॅटरी दुसरीच्या आधी जाते हेही कुठल्याही जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. सिरीजमध्ये चार्जिंगचा करंट दोघींना सारखाच मिळतो. जिच्यावरून टेप वाजला ती कायम थोडी उपाशी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट साचत जातं, आणि दुसरी पोट भरल्यावरही खात राहून पाणी उडवते. वर आणखी, वरच्या बॅटरीवरून लाइन घेतली आणि तिचा निगेटिव्ह चुकून खालच्या बॅटरीच्या निगेटिव्हला कुठे टेकला, तर खालची बॅटरी सरळ शॉर्ट. दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ घेऊन १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा. ई-रिक्षातही ४८ चे १२ करायला कन्व्हर्टरच असतो. पण क्रमाचा प्रश्न इथेही तसाच राहतो.

मग करायचं काय? इलेक्ट्रिकलच्या पोराला सुचेल ते असं की मोटारीच्या लाइनला लो व्होल्टेज कटऑफ लावायचा. चालू मोटारीत बॅटरी ११.५ व्होल्टला आली आणि काही सेकंद तिथेच राहिली की रिले मोटार तोडेल, उरलेली बॅटरी दिव्याची. काही सेकंदांचा उशीर यासाठी की मोटार सुरू होताना क्षणभर व्होल्टेज कोसळतंच, तेवढ्यासाठी रिलेने घाबरू नये. हे चालेल, आणि प्रोजेक्ट म्हणून उत्तम आहे. पण ५० अँपिअर तोडणारा रिले, ओलावा, धूळ, गंजलेले टर्मिनल, आणि दुरुस्तीला तालुक्याच्या गावी जायचं. मला हा उपाय कागदावर जेवढा आवडतो तेवढा पाण्यावर आवडत नाही.

मला आवडणारा उपाय आपल्या जिल्ह्यात बऱ्याच घरांच्या ओसरीवर आधीच टांगलेला आहे. फवारणीचा बॅटरी पंप! सोयाबीन-तुरीच्या फवारणीला पाठीवर घेतात तो, १६ लिटरवाला. त्याच्या बुडाशी १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, बहुतेक ८ अँपिअर-अवरची, काही पंपांत १२ ची. वजन अडीच किलोच्या आसपास, ॲसिड सांडायची भीती नाही, चार्जर सोबत आलेला. आणि ही बॅटरी दिव्यासाठी वापरायला आपल्या कास्तकारांना कुणी शिकवायची गरजच नाही. लोडशेडिंगच्या दिवसांपासून ते हेच करत आलेत. रोही आणि रानडुकरं राखायला जागलीला गेलेला माणूस मळ्यावर जो एलईडी लावतो आणि मोबाईल चार्ज करतो, तो बहुतेक वेळा याच बॅटरीवर. म्हणजे मोटारीच्या बॅटरीवर छोटी इलेक्ट्रॉनिक्स चालवण्याचा प्रयोग आपल्याकडे बोटीच्या किती तरी आधी शेतात होऊन गेलाय, फक्त त्याचा रिपोर्ट कुणी स्पायरल बाइंडिंग करून दिला नाही.

८ अँपिअर-अवरमधले निम्मेच वापरायचे ठरवले तरी ४ राहतात. पाच वॉटचा दिवा त्यावर दहा तास चालतो. मोबाईलला एखादा तास दिला तरी साडेसात तास उरतात. फिशफाइंडर मोठ्या बॅटरीवर राहू द्या, स्वतंत्र लाइनने. तो बंद पडला तर मासे वाचतील, दुसरं काय! दिवा आणि मोबाईल मात्र पंपाच्या बॅटरीवर. ना रिले, ना बीएमएस, ना प्रोग्राम. मोटारीने आपलं ताट चाटूनपुसून संपवलं तरी दिव्याच्या ताटात हात जात नाही.

'वेगळी बॅटरी हवी हे तर इंटरनेटवर कुणीही सांगतं, त्यात नवीन काय?' असं एक मित्र म्हणाला. सांगतात, मान्य. पण ते सांगतात ती वेगळी बॅटरीही मोठी, नवी, विकत आणायची, आणि तिकडच्या बोटीत ती मावते. आपल्या दोन माणसांच्या नावेत वीस-पंचवीस किलोची दुसरी पेटी ठेवली तर मासे कुठे ठेवायचे? आणि पैसे कोण देणार? तिकडचा सल्ला तसाच उचलला की आपल्याकडे त्याचं एकच होतं, तो परवडत नाही म्हणून कुणीच पाळत नाही, आणि दिवा पुन्हा मोटारीच्या टर्मिनलवर येऊन बसतो.

अडचणी नाहीत असं नाही. फवारणीच्या दिवसांत बॅटरीला दिवसभर शेतात काम असतं, तेव्हा संध्याकाळी ती अर्धी रिकामी येणार. रोज चार्ज न करता तशीच ठेवून दिली तर दोन हंगामांत मान टाकते. आणि औषधाचे थेंब तिच्यावर असतात, ती बोटीत नेण्याआधी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी केलीच पाहिजे, कारण त्याच हाताने तिथे भाकर खाल्ली जाते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. शिवाय ही सगळी चर्चा लाइफ जॅकेट अंगात असलेल्या माणसासाठी आहे. ते नसेल तर आधी ते घ्या, बॅटरी नंतर.

आपल्या गाइड सरांना आणि मॅडमना एवढीच विनंती आहे की यंदा बोटीचं प्रोजेक्ट आलं तर व्हायवामध्ये सोलर पॅनेलची एफिशिएन्सी विचारण्याआधी काकांचा प्रश्न विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका. बॅटरी उतरेपर्यंत मोटार चालवून दाखवायला सांगा, तलावावर नाही जमलं तर पाण्याच्या टाकीत. दिवा किती वाजता गेला ते वहीत लिहायचं. त्याला एक दुपार पुरते. (चार्जिंग मात्र लॅबमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून करावं. रूममध्ये नको. वॉर्डन सर हे वाचत असतील, आणि हायड्रोजन तर कुणाची परवानगीही घेत नाही.)

आमच्या रूमवर सध्या वाद चाललाय तो पंपाची बॅटरी नावेत ठेवायची कशात. ती साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि साडेसहा रुंद असते, म्हणजे पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनचं वरचं तोंड कापलं की आरामात बसते. रूममेट म्हणतो, वरून पिशवी बांधली की झालं. मी म्हणतो, वायर बाहेर काढायचं भोक बुडाकडून नको, वरच्या कडेला हवं, नाहीतर नावेच्या तळाचं पाणी आत जाईल. काकांचं म्हणणं असं की कॅनला दोरी बांधून ती आधी नावेला बांधा, बाकीचं मग बोला.